गटाराचे दुसरे टोक

"या माशाला फिनेलचा वास येतोय!"

गुरुदत्त केळुसकरांनी ताट पुढे लोटले. आषाढातला रविवार होता. बाहेर झड लागली होती. समुद्रावरच्या होड्या बंद असल्यामुळे कित्येक दिवसांत घरात मासळी शिजली नव्हती. म्हणून तर सुमतीबाईंनी सकाळी मागच्या दारी भाजी-मासळी विकायला आलेल्या बायजाकडून तळ्यातली मरळ मोठ्या हौसेने घेतली होती आणि तिरफळे घालून तिचे झणझणीत तिखले केले होते. त्यांना नवऱ्याचे बोलणे खरे वाटेना. त्यांनी एक घास तोंडात घातला आणि धावत जाऊन मोरीत थुंकून टाकला.

खरेच होते. मसाल्याच्या वर, तिरफळांच्याही वर, दवाखान्यातल्यासारखा तो उग्र वास येत होता.

"ही माणसं टोपल्या कुठे ठेवतात, कशात धुतात, देव जाणे!" केळुसकर चूळ भरून म्हणाले. "उद्यापासून त्या बाईला दारात उभी करू नकोस."

केळुसकर मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. मुंबईच्या एका विमा कंपनीत ते हेडक्लार्क होते. गिरगावातल्या कोंदट खोल्या सोडून ते डोंबिवलीला आले आणि कोपरच्या बाजूला, उंचवट्यावर वसलेल्या नवनिवास सोसायटीचे सेक्रेटरी झाले. त्या वेळी सोसायटीच्या आवारात मोऱ्यांचे पाणी साचून डबकी झाली होती. डासांनी मुले फोडून काढली होती. केळुसकरांनी वर्गणी गोळा केली, पंचायतीचे उंबरठे झिजवले, रजा काढून गवंड्यांच्या डोक्यावर उभे राहिले आणि उतारावरून थेट खाली जाणारे दगडी गटार बांधून घेतले. डबकी गेली, डास गेले. लोक त्यांना दुवा देत होते. असा हा कामसू, सचोटीचा माणूस. पण गटार खाली जाऊन कुठे मिळते हे पाहायला तो एकदाही खाली उतरला नव्हता. आणि सोसायटीतले दुसरे तरी कोण उतरले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा आली तशी सुमतीबाईंनी तिला फैलावर घेतले.

"काय गं बायजा, मासे कसल्या टोपलीत आणलेस? फिनेलचा वास मारत होता नुसता!"

बायजाने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. टोपलीत आज मासे नव्हते. नुसती भेंडी होती. तिचे डोळे तारवटलेले होते.

"बाय, आमचे घरान फिनेल कशाला आसंल? त्याचा डबा पन आमी कवा बघला नाय."

"मग वास आला कुठून?"

"तुमचेच मोरीशी आला."

"काहीतरी बोलू नकोस!"

"मंग चला ना माजे संगती. एवरे दिस तुमी इथं रेता, आमचा तला कवा तरी बघलाव?"

सुमतीबाईंना त्या बोलण्याचा राग आला. आणि रागाच्या भरातच त्यांनी पायांत चपला सरकवल्या, छत्री घेतली आणि तिच्यामागून निघाल्या. ही आपल्याला खोटे पाडते म्हणजे काय!

गटाराच्या काठाकाठाने दोघी उतरू लागल्या. सोसायटीच्या आवारात गटारातून नुसते साबणाचे पांढरे पाणी वाहत होते. थोडे खाली संडासांच्या खड्ड्यांचा ओघळ त्याला मिळाला. आणखी खाली रतनशेटचा तबेला लागला. तिथला शेणाचा ढीग पावसाने फुटला होता आणि हिरवट-काळा लोंढा गटारात कोसळत होता. कुठल्याशा घरातून राख, कुठून सोड्याचे पाणी, कुठून कुजक्या भाजीचा चोथा, आणि सोसायटीतल्या प्रत्येक संडासातून रोज सकाळी बादलीने ओतले जाणारे ते फिनेल! जसजशा त्या उतरत गेल्या तसतसे ते पाणी दाट होत गेले. सुमतीबाईंनी पदर नाकाला लावला.

उताराच्या पायथ्याशी आसरांचे तळे होते. काठावर त्या जलदेवतांचे शेंदूर फासलेले दगड होते. पलीकडे आगरी शेतकऱ्यांचा पाडा होता. आणि गटार? गटार सरळ तळ्यात शिरत होते! त्याच्या तोंडाशी फेसाचा तवंग धरला होता. त्या फेसात पांढरी पोटे वर करून मासे तरंगत होते. तळ्याच्या काठाला पाड्याची एकुलती एक विहीर होती. तिचे पाणी तळ्याच्याच झिरपीवर जगत आले होते. एका बाईने तिथून कळशी भरली, पाण्यावर आलेला फेस हाताने बाजूला सारला आणि ती कमरेवर घेऊन चालू लागली.

"हे पिता तुम्ही?" सुमतीबाईंनी बायजाकडे वळून विचारले.

"दुसरी हिर नाय बाय."

"अगं, मग सांगायचं नाही का कुणाला?"

"सांगला ना! दगडू दोनदा तुमचे आवारान आलता. रखवालदारानी फाटकाशी हाकलला."

दगडू हा बायजाचा मुलगा. गेल्या फाल्गुनात त्याचे लग्न झाले होते. त्याची बायको नंदा कधीकधी सासूबरोबर भाजी घेऊन सोसायटीत येई. हसरी, बडबडी पोर. सुमतीबाईंनी एकदा तिला आपली जुनी चोळी दिली होती, तर दुसऱ्या दिवशी ती शेतातली काकडी घेऊन आली होती. "कशाला गं?" म्हटले, तर म्हणाली होती, "फुकट घेतला म्हंजे आंगावर चुरचुरता."

"नंदा कुठाय?" सुमतीबाईंनी विचारले.

बायजा पुढे झाली. तिने घराकडे बोट दाखवले.

कुडाच्या घरात अंधुक उजेड होता. नंदा वाकळेवर पडली होती. ओठ फुटले होते, डोळे अर्धवट उघडे होते, आणि ती तापात कुणाशी तरी बोलत होती. तिच्या उशाशी डॉक्टर हरिहर गुप्ते बसले होते. डॉक्टर मूळचे कल्याणचे. डोंबिवलीच्या बाजारात त्यांचा दवाखाना होता, आणि सोसायटी काय, पाडा काय, दोन्हीकडे तेच एक डॉक्टर होते. त्यांनी वळून पाहिले.

"वहिनी, तुम्ही इथे?" त्यांचा आवाज कडवट झाला. "बरं झालं. सोसायटीतलं कुणीतरी आलं एकदाचं. विषमज्वर आहे. या पाड्यातलं हे कितवं घर, ते मोजणं मी सोडून दिलंय."

"औषध?"

"मुंबईहून मागवलंय. येईल. पण वहिनी, एका हाताने मी औषध पाजतो आणि दुसऱ्या हाताने हिची सासू तेच पाणी पाजते. मी कुणाला रागावू? सांगा ना, कुणाला रागावू?"

सुमतीबाई तशाच मागे फिरल्या. त्या घरी आल्या, मोरीच्या कोपऱ्यातला फिनेलचा डबा उचलला आणि अंगणात भिरकावून दिला. पण फुटलेल्या डब्यातले फिनेलदेखील पावसाच्या पाण्याबरोबर गटारातच गेले!

संध्याकाळी केळुसकर कचेरीतून आले. सुमतीबाईंनी चहाचा कप पुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच सारे सांगितले.

"अगं, पण पाणी उताराकडेच जाणार," केळुसकर म्हणाले. "गटार काय मी डोंगरावर चढवू? त्या लोकांनी पंचायतीकडे अर्ज करावा."

"तो दगडू दोनदा तुमच्याकडे आला होता. तुमच्या रखवालदाराने त्याला हाकललं!"

"मला काय माहीत? आणि आजार काय, पावसाळ्यात होतातच. ती माणसं त्याच पाण्यात म्हशी धुतात..."

"अहो, ती पोर मरायला टेकलीय!" सुमतीबाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या खिडकीतला दिवा हलला. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण नवऱ्यावर आवाज चढवण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. "तुमच्या गटाराच्या पाण्याने मरायला टेकलीय! आपण कालचा घास थुंकून तरी टाकला. तिने थुंकायचं कुठे?"

केळुसकरांनी कप बाजूला सारला. त्यांना अपमान वाटला, आणि अपमानाखाली कुठेतरी टोचलेही. "बरं. सभा बोलावतो," एवढे म्हणून ते उठले.

सभा झाली. सुमतीबाईंनी डॉक्टर गुप्त्यांना मुद्दाम बोलावून आणले होते. अध्यक्षस्थानी टिपणीस वकील होते. रतनशेटही कोपऱ्यात येऊन बसला होता.

"आम्ही सोसायटीतली घाण काढली, हा काय गुन्हा झाला?" टिपणिसांनीच सुरुवात केली.

"काढली नाहीत, ढकललीत," डॉक्टर म्हणाले. "काढणं वेगळं आणि ढकलणं वेगळं. तुमच्या अंगणातली डबकी गेली कुठे? हवेत विरली? ती सगळी मिळून आता खाली एक मोठं डबकं झालंय, आणि त्या डबक्याचं पाणी माणसं पितायत!"

"पण डॉक्टर, पाणी उताराने जातं हा तर सृष्टीचा नियम."

"उताराने जाणं हा सृष्टीचा नियम. त्यात काय कालवायचं, हे सृष्टी ठरवत नाही. ते आपण ठरवतो."

"ते लोक स्वतः तळ्यात म्हशी धुतात, त्याचं काय?" कुणीतरी विचारले.

"धुतात. त्यांचे आजे-पणजे धुवत आले. तळ्याने ते पचवलं. तळ्यालाही पोट असतं हो! त्यात तुम्ही अख्ख्या सोसायटीच्या मोऱ्या, संडास आणि वर रतनशेटचा तबेला ओतलात. अजीर्ण होणार नाही तर काय होईल?"

"पाऊस शेण नेतो, त्याला मी काय करू?" रतनशेट उसळला. "पावसाला काय दावं बांधू?"

लोक हसले. त्या हसण्यात सभेचे सारे गांभीर्य वाहून गेले. मग ठराव झाला. प्रश्न महत्त्वाचा आहे, सबब तो दिवाळीनंतरच्या सभेत घ्यावा. तोपर्यंत माणुसकीच्या दृष्टीने सोसायटीतर्फे पाड्यातील लोकांना फिनेलचे डबे मोफत वाटावेत!

टाळ्या पडल्या. हो, वाचकहो, टाळ्या पडल्या! शिकलेसवरलेले, रोज वर्तमानपत्र वाचणारे, स्वातंत्र्यदिनाला खादीची टोपी घालून झेंड्यापुढे उभे राहणारे ते लोक होते. दान केल्याच्या समाधानात ते सतरंजीवरून उठले. सुमतीबाई दाराशी बायकांत उभ्या होत्या. सभेत बायकांनी बोलायची रीत नव्हती. त्यांनी ओठ इतके घट्ट मिटले की ते पांढरे पडले.

मुंबईहून औषध आले. पण ते पोटात राहायलाही अंगात थोडी ताकद लागते. नंदा गेली.

पाड्यातल्या बायकांनी रडून घेतले. बायजा मात्र रडली नाही. सुनेला पोहोचवून पुरुष परत आले तशी तिने घमेले उचलले आणि ती उतार चढू लागली. काय करायचे हे तिने कुणालाच सांगितले नाही. पण तिच्यामागून दुसरी बाई निघाली, मग तिसरी, मग पाड्यातल्या साऱ्याच. सोसायटीच्या कुंपणाखाली, जिथे गटार आवाराबाहेर पडते, तिथे त्यांनी दगड रचले. दगडांच्या फटींत चिकणमाती भरली. त्यावर पुन्हा दगड. गटाराचे तोंड बंद झाले.

पाऊस मुसळधार होता. पाणी तुंबले. आधी गटार भरले, मग काठांवरून पसरले, मग आवारात चढू लागले. खालच्या अंगाला केळुसकरांचे आणि टिपणिसांचे बिऱ्हाड होते. बघता बघता त्यांच्या ओट्यापर्यंत ते काळे पाणी आले. साबणाचा फेस, राख, शेण आणि ज्याचे नावही घेऊ नये ते सारे पायऱ्यांवर डुचमळू लागले. बायका किंचाळत मुलांना आत ओढू लागल्या. ज्या वासाने पाडा महिनोन्‌महिने झोपत-उठत होता, तो वास एका घटकेत सोसायटीच्या देव्हाऱ्यांपर्यंत गेला.

"पोलिसांना बोलवा!" टिपणीस गच्चीवरून ओरडत होते. "फौजदारी करतो एकेकीवर!"

केळुसकर धोतर खोचून धावत कुंपणाशी आले. त्यांच्यामागे सोसायटीचा रखवालदार तानाजी पहार घेऊन आला. समोर बायका दगडांवर बसल्या होत्या, भिजून चिंब झालेल्या. बाजूला दगडू आणि पाड्यातले पुरुष उभे होते.

"फोड ते, तानाजी!" केळुसकर ओरडले.

तानाजीने पहार उचलली, पण बायकांकडे पाहून तो जागीच थांबला.

तेवढ्यात मागून सुमतीबाई आल्या. त्या घाण गुडघाभर पाण्यातून चालत आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलेही नाही. त्या सरळ बायजाजवळ गेल्या आणि तिच्या शेजारी दगडावर बसल्या.

"सुमती! ऊठ तिथून! लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" सुमतीबाई म्हणाल्या. "वरचे की खालचे? वरचे काय म्हणतात ते मी सभेत ऐकलं. ते म्हणाले, दिवाळीनंतर! आता खालचे काय म्हणतात ते ऐकायला बसलेय. पहार चालवायची तर आधी माझ्यावर चालवा."

केळुसकरांचा तोल गेला. बायकोवर हात टाकता येईना, रखवालदार हलेना, मागे घरात पाणी शिरतेय. सगळा राग ते दगडूवर काढू लागले.

"अरे, माणसं आहात की कोण! आमच्या घरांत घाण शिरली! लहान मुलं आहेत तिथे! आमची माणसं आजारी पडतील, तापाने मरतील, याची काही लाज..."

आणि ते थांबले.

दगडू त्यांच्याकडे पाहत होता. केस उतरवलेले त्याचे डोके पावसात भिजत होते. त्याने हात उगारला नाही, शिवी दिली नाही.

"बोला ना सायेब," तो म्हणाला. "फुडं बोला. थांबलाव कशाला?"

केळुसकरांनी फाटकाकडे पाहिले. हेच! हेच सांगायला हा माणूस दोनदा आपल्या फाटकाशी आला होता! तेव्हा त्याची बायको जिवंत होती. आपल्या पायरीला घाण लागली तेव्हा आपल्याला माणसे आठवली, मुले आठवली, ताप आठवला. मग त्याच्या पायरीला रोज लागत होती, तेव्हा आपण काय करत होतो? अभिनंदने घेत होतो!

त्यांनी तानाजीच्या हातातली पहार घेतली. बायका सावरून बसल्या. पण केळुसकर वळले आणि पाणी तुडवत आपल्या घरात गेले. मोरीत जाऊन त्यांनी पोत्याचा बोळा केला आणि तो पहारेने ठासून भोकात बसवला. मग बाहेर ओट्यावर येऊन ते गच्चीकडे तोंड करून ओरडले, "टिपणीस! माझ्या घरचं पाणी आजपासून गटारात जाणार नाही! तुमचं सांगा!"

"वेड लागलंय तुम्हांला!" वरून उत्तर आले.

"लागलं होतं. आता उतरतंय!"

बायजा दगडावरून उठली नाही. "मोऱ्या बुजवा," ती म्हणाली. "सगल्या बुजवा. मंग आमी दगर काढू. पावसाच्या पान्याशी आमचा भांडान नाय."

घराघरांत मोऱ्या बुजू लागल्या. कुणी शरमेने बुजवली, कुणी तुंबलेल्या पाण्याच्या भीतीने. टिपणीस कायद्याची कलमे सांगत बसले, तेवढ्यात त्यांच्या पत्नीने आत जाऊन उशी कोंबली आणि कडी लावून घेतली. दुपार कलायच्या आत बायकांनी दगड काढले.

त्याच संध्याकाळी सभा भरली, आणि या खेपेला पाड्याची माणसेही सतरंजीवर होती. तेवढ्यातही कुणी म्हणालेच, "गटार वळवून खाडीत सोडू. म्हणजे कटकट मिटली!"

"खारीवर माजा म्हायेर हाय," बायजा म्हणाली.

मग पुन्हा कुणी गटार वळवायचे नाव काढले नाही.

डॉक्टर उठले. "घाण जिथे होते तिथेच तिचं काय ते करायचं," ते म्हणाले. "दुसरा मार्ग नाही. आपल्यातले निम्मे कोकणातले. गावी मोरीचं पाणी कुठे जायचं? परसात केळीला, अळूला! एक थेंब वाया जात नसे. इथे आलो, चुना-विटांची घरं बांधली आणि ती अक्कल गावीच ठेवून आलो."

पुढचे रविवार सोसायटीने खणण्यात घालवले. प्रत्येक इमारतीमागे शोषखड्डा खणला, त्यात खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर वाळू भरली आणि मोऱ्यांचे पाणी त्यात सोडले. सांडपाण्यावर केळी आणि अळू लावले. संडासांचे खड्डे नव्याने बांधले. गटारात आता फक्त पावसाचे पाणी राहिले. तेही तळ्यात एकदम शिरू नये म्हणून पायथ्याशी रुंद, उथळ खळगा खणला. त्यात गाळ बसायचा, आणि मग कर्दळीच्या आणि वाळ्याच्या दाट पट्ट्यातून पाझरून पाणी पुढे जायचे. उतारावरची माती धुपू नये म्हणून दगडूने आणि पाड्यातल्या पुरुषांनी शेतात घालतात तसे आडवे बांध घातले. केळुसकरांच्या लेखणी धरणाऱ्या हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. दगडू शेजारीच खणत असे. तो कामापुरते बोले. त्याहून जास्त बोलावे अशी अपेक्षा करण्याचा हक्क केळुसकरांना नव्हता, आणि ते त्यांना कळत होते.

सारे काही गोड झाले असे मात्र समजू नका. टिपणिसांनी कुदळ हातात धरली नाही ती नाहीच. रतनशेटने शेणखड्डा खणायला साफ नकार दिला. तेव्हा सुमतीबाईंनी घरोघर जाऊन बायकांना सांगितले, आणि एका सकाळी सोसायटीतल्या एकाही घराने त्याचे दूध घेतले नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. तिसऱ्या सकाळी रतनशेट कुदळ मागायला आला. पुढे त्या खड्ड्यातले खत पाड्यातले शेतकरी नेऊ लागले तेव्हा तोच सर्वांना सांगत सुटला की ही युक्ती मूळची आपलीच!

तळे लगेच सुधारले नाही. घाण टाकायला एक वर्ष पुरले, पण ती निवळायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. पहिल्या उन्हाळ्यात पाड्याने आणि सोसायटीने मिळून विहिरीचा गाळ उपसला. दुसऱ्या पावसाळ्यात फेस दिसला नाही. त्यानंतरच्या वर्षी डॉक्टर गुप्ते पाड्यावरून आपली सायकल न थांबवता जाऊ लागले. नंदा मात्र परत आली नाही. ती कशी येणार?

काही वर्षांनी कल्याणजवळच्या एका नव्या वसाहतीने केळुसकरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. नवनिवासचे काम तिथल्या लोकांच्या कानांवर गेले होते. तिथेही नवे गटार झाले होते आणि त्याचे उद्‌घाटन व्हायचे होते. मांडव घातला होता. गटारावर आडवी फीत बांधली होती. अध्यक्षांनी हार घातला, स्तुती केली आणि तबकातली कात्री पुढे केली. सुमतीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

केळुसकरांनी कात्री घेतली नाही.

"हे गटार संपतं कुठे?" त्यांनी विचारले.

"खाली," अध्यक्ष हसून म्हणाले.

"खाली म्हणजे कुठे?"

अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिले, चिटणिसांनी कंत्राटदाराकडे पाहिले. कुणालाच नीट सांगता येईना.

केळुसकरांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. "मग फीत नंतर कापू," ते म्हणाले. "आधी मला ते टोक दाखवा. माझ्या गटाराचं टोक मी पाहिलं नव्हतं. माझ्याऐवजी एका पोरीने ते पाहिलं आणि ती मेली. तुमच्याकडे अजून कुणी मेलं नसेल, तर तुम्ही माझ्याहून भाग्यवान आहात!"

मांडवात कुजबूज झाली. "हा काय प्रकार?" "कार्यक्रमाला उशीर होतोय!" अध्यक्षांचा चेहरा उतरला. पण केळुसकर मांडवाबाहेर पडून गटाराच्या काठाने चालूही लागले होते. सुमतीबाई उठून त्यांच्या मागून निघाल्या. मग मागच्या रांगेतली एक अनोळखी बाई उठली. तिने पदर खोचला आणि शेजारणीला म्हणाली, "चल गं, बघू तरी आपलं कुठे जातं ते!" तिच्यामागून आणखी बायका निघाल्या, मग पुरुष, आणि शेवटी कात्रीचे तबक हातात तसेच धरून अध्यक्षही निघाले.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या गावात आज जागोजाग नवी घरे उठत आहेत, नवी गटारे बांधली जात आहेत. बांधावीतच. पण एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. घाण फेकल्याने नाहीशी होत नाही, ती फक्त आपल्याला दिसेनाशी होते. नदी, ओढा, तळे, खाडी ही कुणाचीही मोरी नव्हे. ज्याची घाण, त्यानेच ती आपल्या दारात जिरवली पाहिजे. हा उपकार नव्हे, ही साधी लाज आहे. आज बादली ओताल तेव्हा एकदा त्या पाण्यामागून चालत जा. ते जिथे थांबेल तिथे कुणीतरी कळशी घेऊन उभे असेल. त्या माणसाच्या नजरेला नजर देता आली, तरच स्वतःला स्वच्छ म्हणवा!